अडतीस फुटांचं छत

मलकपेठ, हैदराबाद
रविवार, १२ जानेवारी २०२५

योगी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडता ठेवलं असशील, तरी हरकत नाही. कागद नासत नाही. अक्षर मुद्दाम ट्रेसरच्या हातानं काढलंय, नकाशे उतरवायचो तसं, एकेक सुटं. तुझं मराठी हिमायतनगरच्या इंग्रजी शाळेनं किती शिल्लक ठेवलंय ते मला माहीत आहे. सावकाश वाच, अडलं तर आईला विचार. मला विचारणार नाहीस हे धरूनच चाललोय.

फोन तू उचलत नाहीस. आईकडून निरोप द्यावा तर ती म्हणते, "मधे मला घालू नका, मी काय तुमच्या दाराचा लिंटल आहे का, वरचं ओझं पेलायला?" कॉन्ट्रॅक्टरशी छत्तीस वर्षं संसार केला की बाई अशी बोलायला लागते.

आम्ही बरे आहोत. रविवारी मी अजून इमारती बघायला जातो. आज पायगा मकबऱ्यात गेलो होतो. चुन्यातल्या जाळ्या अजून तशाच आहेत, प्रत्येक जाळीची नक्षी वेगळी. तू आठ वर्षांची असताना तिथं डोळे मिटून टाळी वाजवायचीस आणि छत किती उंच ते सांगायचीस. मी आज वाजवली. राखणदार आतून ओरडला, "ओ अंकल, तालियां कायकू बजारें? कव्वाली है क्या?" मी म्हटलं, नाही बाबा, मोजमाप चाललंय.

लिहिण्याचं कारण एवढंच. मंडळाच्या वाचनालयाचा तो हॉल, तू आखलेला, त्याच्या छताचं गणित फाइलीत नाही. तू आणि तुझ्या कॉलेजातल्या सरांनी मिळून केलेली ती चार पानं. सर गेल्या वर्षी वारले. म्हणजे आता ती फक्त तुझ्याकडे असणार. मंडळाला फाइल पूर्ण करायची आहे. फोटो काढून आईच्या फोनवर टाकलीस तरी चालेल.

घाई नाही. वाचनालयातल्या मालनबाई तुझी आठवण काढतात. अजून त्याच खुर्चीत बसतात आणि कुणी पान दुमडलं की अजून तशाच ओरडतात.

बाबा


रविवार, २ फेब्रुवारी २०२५

योगी,

मागच्या पत्रात मी थोडं खोटं लिहिलं. फाइलचं कारण खोटं आहे. घाई आहे.

हॉलच्या छताला चीर गेली आहे. गेल्या पावसाळ्यात मालनबाईंच्या मागच्या कपाटात पाणी उतरलं. चरित्रं भिजली. त्या म्हणाल्या, "हिम्मतराव, वर चढून बघा, मला लक्षण बरं दिसत नाही." मी गच्चीत गेलो. कोबा उकरून बघितला, तर खाली बरोबर मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चीर. मी तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या चिकटवल्या, त्यांवर तारीख घातली. तुला हे मीच शिकवलंय. चीर जुनी आणि थांबलेली असेल तर काच तशीच राहते. चालती असेल तर काच तुटते. दिवाळीच्या आधी पहिली तुटली, नाताळात दुसरी.

मंडळानं पुण्याहून इकडे आलेल्या एका इंजिनियरला बोलावलं. सौरभ नाव. पोरगा चांगला आहे, बूट बाहेर काढून आत आला. पण त्यानं अहवालात जे लिहिलं ते तुला माझ्याकडूनच कळलेलं बरं. 'मूळ डिझाइनमधील दोष. दोन भिंतींमधला गाळा अवास्तव मोठा. इमारत वापरास असुरक्षित.' खाली तुझं नाव. दारावरच्या पाटीवरनं उतरवून घेतलं त्यानं, 'योगिनी हिम्मतराव लोहगावकर, आर्किटेक्ट'.

परवा मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष रामचंद्रराव, तुला आठवत असतील, निजामाच्या वेळेपासून ज्यांचं घर सरकारी नोकरीत, आणि बोलताना ज्यांचा आवाज कधी चढत नाही ते. ते म्हणाले, "मुलं बसतात खाली. काही झालं तर उत्तर कोण देणार? पाडून टाकू. आणि आर्किटेक्टांच्या कौन्सिलकडे रीतसर तक्रार करू, म्हणजे मंडळावर काही येणार नाही."

टेबलाखाली कुणीतरी पायानं एक गुंडाळी मागं सरकवली. ट्रेसिंग पेपरचा आवाज मला झोपेतसुद्धा कळतो, योगी. नवीन इमारतीचा नकाशा तयार आहे. पाच मजले असतील असं गुंडाळीच्या जाडीवरून वाटलं.

तर ती चार पानं पाठव. तुझं गणित बरोबर आहे हे दाखवता आलं तर निदान तुझं नाव तरी त्यातून निघेल.

मी हॉलच्या मधे घातलेल्या खांबाबद्दल तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मी तेव्हा सांगितलं होतं तेच सांगतो. सळई हलकी आली होती. मला धोका पत्करायचा नव्हता.

बाबा


रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

योगिनी,

तुझं उत्तर नाही. आईच्या फोनवर तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा फोटो आला, तो मी पाहिला. खिडकी चांगली आहे. ओटा ठेंगणा वाटला.

आज मी कोठीला गेलो होतो, जुन्या रेसिडेन्सीत. ओळखीचा एक मुकादम आहे, त्यानं दरबार हॉलमध्ये सोडलं. तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा आपण तिथं चोरून घुसलो होतो. तू टाळी वाजवलीस, थांबलीस, आणि म्हणालीस, "बाबा, इथं मधे काही नाही, म्हणून आवाज पूर्ण परत येतो." मी चहावाल्यापासून सगळ्यांना ते वाक्य सांगत सुटलो होतो. पोरगी आर्किटेक्ट होणार हे मी त्या दिवशी ठरवलं. तुला विचारलं नव्हतं.

मग तू मोठी झालीस आणि पहिल्याच कामात तोच हॉल मागितलास. अडतीस फूट, मधे काही नाही. "या टोकाला पेपर वाचणाऱ्या आजोबांना त्या टोकाचं पोर दिसलं पाहिजे," तू रामचंद्ररावांना सांगितलंस. रामचंद्ररावांना पटलं होतं. मलाही पटलं होतं, हे लिहून ठेव.

आता खरं सांगतो. सळई हलकी नव्हती. सळई मी स्वतः मोजून घेतली होती.

तुला कावीळ झाली होती. तू घरी पडून होतीस आणि साइट माझ्याकडे होती. टेकू काढायचा दिवस आला. तू सकाळी म्हणालीस, "मधल्यापासून सुरू करा, कडेला नंतर." मी तसंच केलं. याकूब मिस्त्री होता, आठ माणसं होती. मधली रांग निघाली आणि छतातून आवाज आला. कट्ट. एकदाच.

योगी, हा आवाज मी हजार वेळा ऐकलाय. टेकू निघाले की छत पहिल्यांदा स्वतःचं वजन उचलतं, जरा खाली बसतं आणि बोलतं. याकूब हसायला लागला. "अंगडाई लेरा साब छत. डरते कायकू?" दुसऱ्या कुणाचं छत असतं तर मीही हसलो असतो. दुसऱ्या कुणाच्या पोरीचं असतं तरी हसलो असतो. पण मी याकूबला म्हटलं, टेकू परत लाव. परत लाव म्हणजे लाव. नांदेडहून ट्रंक घेऊन आलो तेव्हापासून मी या कानांवर भाकरी खाल्ली आणि त्या दिवशी याच कानांनी मला दगा दिला.

संध्याकाळी तू पलंगावरून विचारलंस, "बाबा, काढले? आवाज आला काही?" मी म्हटलं, "काढले. काही आवाज नाही." आणि पुढचे सतरा दिवस मी तुझ्या हॉलच्या मधोमध खांब उभा केला. पाया खणून, सळई बांधून, वरपर्यंत, छताला घट्ट दाबून. चारही बाजूंनी पुस्तकांचं कपाट केलं, म्हणजे खांब वाटू नये.

तू बरी होऊन आलीस. कपाटाला एक फेरी मारलीस. हात लावलास. मला वाटलं होतं भांडशील. तू फक्त विचारलंस, "सळई?" मी "हो, हलकी आली" म्हटलं. दोन महिन्यांत तू मेलबर्नला गेलीस. तुला ते खरं वाटलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

आता ऐक, पुढचं तुला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. ती चीर माझ्या खांबानं पडली आहे. गच्चीत बसून आठ दिवस विचार केला तेव्हा उमगलं. भाकरी दोन्ही हातांनी कडेला धरली की ती मधे जरा झुकते, पण राहते. तिच्या मधोमध खालून बोट लावलं की ती बरोबर बोटावर तडकते. तुझं छत झुकणार हे तुला माहीत होतं, म्हणून तू सळई छताच्या पोटात, खालच्या बाजूला घातलीस. पाठीत, वरच्या बाजूला घातली नाहीस, कारण पाठीला काम नव्हतं. मी खालून बोट लावलं. दोन्ही बाजू वर्षानुवर्षं थोड्या थोड्या बसत गेल्या आणि पाठ माझ्या बोटावर फाटली. ट्रेसरला एवढंच कळतं की जास्त खांब म्हणजे जास्त मजबूत. डिग्रीवाला असता तर त्यानं हे केलं नसतं. दुसऱ्या कुणाचा बाप असता तरी केलं नसतं.

हे सगळं मी गुरुवारी मंडळासमोर उभं राहून सांगितलं. याकूबला घेऊन गेलो. भाकरीसुद्धा डब्यातून नेली आणि दाखवली.

रामचंद्ररावांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हिम्मतराव, खांब लावल्यानं छत पडतं, हे मी या वयात पहिल्यांदा ऐकतोय." सगळे हसले, वाईट हेतूनं नाही. मग ते हळूच म्हणाले, "बाप आहात. मीही बाप आहे. पण मुलीचं पाप असं अंगावर घेऊ नये." मी म्हटलं, पाप माझंच आहे हो. तर माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी चहा मागवला.

हा माझाच दोष. आयुष्यभर मी लोकांना वेळ मारून नेणारं गोड बोलत आलो. गिलावा वाळेल, पाणी येईल, बुधवारपर्यंत होईल. आता खरं बोलतोय तर तेही तसंच वाटतंय.

भाकरी शेवटी याकूबनं खाल्ली.

चार पानं पाठव. माझ्यासाठी नको.

बाबा


रविवार, १६ मार्च २०२५

योगी,

पानं पोचली. मंगळवारी सकाळी आई फोन घेऊन आली आणि तो माझ्यापुढं धरला. चार फोटो. वर 'बाबा' नाही, खाली तुझं नाव नाही. तिसऱ्या पानाच्या कोपऱ्यात तुझ्या अक्षरात पेन्सिलनं लिहिलंय, 'टेकू काढताना आवाज येईल, बाबांना आधी सांगणे.' ते तू तेव्हाच लिहिलं होतंस, कावीळ व्हायच्या आधी. सांगायचं राहून गेलं असेल. की सांगायची गरज नाही असं वाटलं असेल, बाबांना काय, बाबांना आवाज माहीत असतात.

तिसऱ्या पानाच्या मी दोन प्रती छापून घेतल्या. एक माझ्याकडे ठेवली.

पानं घेऊन नारायणगुड्याला सौरभच्या ऑफिसात गेलो. त्यानं दीड तास लावला. मी समोर बसून त्याच्या कीबोर्डचा आवाज ऐकत होतो. आधी भरभर चालला होता. मग हळू झाला, मग थांबला. तेव्हाच मला कळलं.

"काका, गणित बरोबर आहे," तो म्हणाला. "खांब नसता तर चीर गेली नसती."

"मग खांब काढू. जॅक लावून हळूहळू. छत परत आपल्या जागी बसेल."

"बसेल बहुतेक."

"मग?"

"मग सही कोण करणार? चीर गेलेल्या इमारतीतला मधला खांब काढा, असं कागदावर लिहून खाली कोण सही करेल?"

"तू कर."

तो हसला नाही, हे त्याचं चांगलं. म्हणाला, "काका, माझं लग्न ठरलंय जूनमध्ये." या दोन गोष्टींचा संबंध काय असं मी विचारलं नाही. संबंध मला कळतो. मीसुद्धा एकदा असाच घाबरलो होतो, आणि माझ्याकडे तर लग्नाचं कारणही नव्हतं.

मग मी आणखी तिघांकडे गेलो. एक म्हणाला, खांब राहू द्या, उलट आणखी दोन लावा. दुसरा म्हणाला, मुलीलाच सही करायला सांगा ना. मी म्हटलं, तिच्याच नावावर तक्रार जाणार आहे, तिची सही कोण मानणार? तिसऱ्यानं मला पाणी दिलं. हैदराबादेत इमारतींपेक्षा इंजिनियर जास्त झालेत आणि त्यात एक सही मिळत नाही.

माझी सही मी केली. खांब मी घातला, कुणाला न विचारता घातला, असं स्टॅम्प पेपरवर लिहून मंडळाला दिलं. त्यांनी पोच दिली. वर शिक्का मारला, 'आवक'.

महानगरपालिकेची पाडकामाची नोटीस दारावर लागली आहे, बरोबर तुझ्या पाटीच्या खाली. मालनबाई पुस्तकं पोत्यांत भरतायत. प्रत्येक पोत्यात काय आहे ते वर खडूनं लिहितात. मी म्हटलं, बाई, उघडणार कोण ही पोती? म्हणाल्या, "ते माझं काम नाही. माझं काम यादी करणं."

रोज जाऊन मदत करतो. दुसरं हातात काही नाही.

बाबा


रविवार, १३ एप्रिल २०२५

योगी,

गुरुवारी हॉल पाडायला घेतला. तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. नीट सांगतो, कारण तिथं जे झालं ते तुझं आहे.

नऊ वाजता पोकलेन आलं. चालवणारा तेलुगू, वरंगलकडचा. त्यानं आत बघितलं आणि सोपा हिशेब केला. मधला खांब उडवला की छत आपोआप खाली येईल, मशीनला फार कष्ट नाहीत. बरोबर विचार केला त्यानं. मीही तोच विचार करून खांब घातला होता ना.

सगळ्यांना रस्त्याच्या पलीकडे नेलं. रामचंद्रराव छत्री घेऊन उन्हात उभे होते. सौरभ आला होता, मालनबाई होत्या, याकूब होता. मी याकूबजवळ पाणीपुरीवाल्याच्या बंद गाड्याला टेकून उभा राहिलो. मशीननं हात आत घातला आणि दुसऱ्याच दणक्याला खांब तुटला. कपाटाच्या फळ्या उडाल्या. धूळ उठली. सगळ्यांनी कान झाकले. मी झाकले नाहीत.

धूळ बसली. छत होतं तिथंच होतं.

पोकलेनवाला खाली उतरला, वाकून बघितलं. "पडट्लेदु सार," तो म्हणाला. पडत नाही साहेब. त्यानं तीनदा म्हटलं, जसा काही त्याचाच अपराध. दहा मिनिटं गेली. वीस गेली. छताखाली मशीन न्यायला तो तयार होईना, वरून फोडणारी ब्रेकरवाली माणसं दुपारनंतर येणार होती. मग सगळे उभे राहिले. अडतीस फूट, योगी, आणि मधे काही नाही. रस्त्यावरचा पोरगा स्कूटर थांबवून विचारत होता, "क्या हुआ, शूटिंग है क्या?"

रामचंद्ररावांनी छत्री मिटली. सौरभ माझ्याजवळ आला. फोनवर त्यानं सगळं टिपलं होतं. "काका, अहवालातलं ते वाक्य मी मागं घेतो. आजच पत्र देतो मंडळाला, तक्रार जाणार नाही." मी म्हटलं, "घे बाबा. आणि छत मागं घेता येतं का तेही बघ." असं बोलायला नको होतं. पोराचा चेहरा उतरला. पण त्यानं पत्र दिलं, मी वाचलं. तुझं नाव निघालं.

मी रामचंद्ररावांना म्हटलं, आता तरी थांबा. उभं आहे, बघताय ना. ते म्हणाले, "हिम्मतराव, नोटीस निघाली आहे, मशीन आलंय, पोलिसांना कळवलंय. आता हे माझ्या हातात राहिलं नाही." आणि खरं सांगतो, ते खोटं बोलत नव्हते. आवाजावरून मला कळतं. कुणाच्याच हातात नव्हतं.

मग लोक चहाला पांगले आणि मी आत गेलो. आईला सांगू नकोस.

या टोकाला उभा राहिलो, जिथं आजोबांचा पेपरचा टेबल होता. त्या टोकाला मालनबाई दारात येऊन हातवारे करत होत्या, बाहेर या म्हणून. त्यांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता, योगी. सात वर्षं मी त्या हॉलमध्ये रोज गेलो आणि या टोकावरून ते दार कधी दिसलं नव्हतं. मधे मी होतो.

मी डोळे मिटले आणि टाळी वाजवली. आवाज पूर्ण परत आला.

आणि तेवढ्यात वरून आवाज झाला. कट्ट. एकदाच. मालनबाई किंचाळल्या. मी हललो नाही. सात वर्षांपूर्वीचाच आवाज, त्याच जागेतून. बसायचं राहिलं होतं ते आता बसलं.

दाराबाहेरून याकूबनं हाक मारली, "सुने क्या साब?"

"सुना," मी म्हटलं.

अडीच वाजता ब्रेकरवाले आले. त्यांना छत पाडायला दोन दिवस लागले.

तिसरी काचेची पट्टी मी बुधवारीच गच्चीतून काढून ठेवली होती. ती शेवटपर्यंत तुटली नव्हती. पाठवतोय, कापसात गुंडाळली आहे. वाटेत फुटली तर फुटली.

तुझा,
बाबा